पलटणीतले मास्तर

या पुस्तकाचा नायक मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचा. त्याची उमेदीची वर्षं छावण्यांत गेली, उतारवय दापोली, सातारा आणि मुंबईत. मग त्याच्या पुस्तकाची प्रस्तावना कलकत्त्याजवळच्या डमडमपासून कशासाठी? हस्तलिखित वाचलेल्या पहिल्याच मित्राने मला हे विचारलं, आणि ती पानं काढून टाक असा सल्लाही दिला. रामजी मालोजी सकपाळ यांच्या कोणत्याही चरित्रात डमडमचं नाव येत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. मी ती पानं काढली नाहीत. उलट उचलून सर्वांत आधी ठेवली.

डमडम हे नाव ‘दमदमा’वरून आलं असं मानतात. दमदमा म्हणजे तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. नागेरबाजारच्या बाजूला अशाच एका उंचवट्यावर क्लाइव्हचं म्हणून ओळखलं जाणारं घर पडझडीच्या अवस्थेत उभं आहे. 1783 ते 1853 अशी सत्तर वर्षं कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्याचं मुख्य ठाणं डमडमला होतं. तोफखाना मेरठला हलला, पण दारूगोळ्याचं काम मागे राहिलं. पुढे 1890च्या दशकात इथल्याच कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने अंगात शिरताच फुलणारी गोळी तयार केली. 1899च्या हेग परिषदेने असल्या गोळ्यांवर बंदी घातली, तरी गावाचं नाव गोळीला चिकटलं ते चिकटलंच. आज तिथे विमानतळ आहे, मेट्रो आहे, सियालदहहून सुटणाऱ्या लोकलची गर्दी आहे. डमडमला उतरणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णव माणसांना हा सगळा इतिहास ठाऊक नसतो, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही.

1857च्या जानेवारीत डमडमला एक शाळा चालू होती. अक्षरांची नव्हे, बंदुकीची. नवी एन्फिल्ड रायफल कशी भरायची, नेम कसा धरायचा हे शिकायला वेगवेगळ्या पलटणींतून शिपाई निवडून तिथे पाठवले जात. त्या शाळेतला एक ब्राह्मण शिपाई पाण्याचा लोटा घेऊन आपल्या चौक्याकडे, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेकडे चालला होता. दारूगोळ्याच्या कोठारावर मजुरी करणारा एक खलाशी त्याला आडवा आला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं. खलाशी खालच्या मानलेल्या जातीचा. शिपायाने लोटा द्यायला नकार दिला. तुझ्या स्पर्शाने माझा लोटा बाटेल, असं त्याचं कारण. त्यावर खलाशी म्हणाला, जातीचा एवढा तोरा कशाला, गाई-डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडायला लावतील तेव्हा कळेल. कॅप्टन राइट या अधिकाऱ्याने 22 जानेवारीला वरिष्ठांना जो अहवाल पाठवला, त्याच्या मुळाशी ही बाचाबाची आहे.

पुढचं शाळेच्या पुस्तकात असतं. 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे, 10 मेला मेरठ, मग दिल्ली, कानपूर, झाशी. इतिहास काडतुसामागे गेला. पाणी मागणारा तिथेच उभा राहिला. त्याला नंतर कोणी पाणी दिलं का, तो कोण, कुठला, याची दखल सरकारी कागदांनी घेतली नाही. उत्तरेतल्या दलित लोकपरंपरेने त्याला मातादीन हे नाव दिलं आणि बंडाच्या वीरांत बसवलं. मला त्याच्या वीरपणापेक्षा त्याच्या तहानेविषयी अधिक वाटतं. एका लष्करी शाळेच्या आवारात, रोज त्याच दारूगोळ्यात हात घालणाऱ्या माणसाला घोटभर पाणी मिळू शकलं नाही, ही गोष्ट बाजूला ठेवून रामजी सकपाळांचं आयुष्य वाचता येत नाही, असं माझं मत आहे. मित्राचं मत अजूनही वेगळं आहे.

डमडमहून निघालेली ती अफवा फिरत फिरत माळव्यातल्या महूलाही पोचली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे ग्वाल्हेरकडे यज्ञाच्या दक्षिणेसाठी निघाले होते. त्यांना महूजवळ पलटणीतले शिपाई भेटले आणि होऊ घातलेल्या उलथापालथीची खबर त्यांच्याच तोंडून कळली. 1 जुलैच्या संध्याकाळी महूच्या पलटणीही उठल्या. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापला. त्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून महूला जन्मलेला एक मुलगा मॅट्रिक झाला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून मी काही सिद्ध करत नाही. पण त्या मुलाचे वडील या पुस्तकाचे नायक आहेत, म्हणून नोंदवून ठेवतो.

आता पलटणींविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय रामजी कुठून उगवले ते कळत नाही. कंपनीच्या तीन फौजा होत्या: बंगालची, मद्रासची आणि मुंबईची. बंगालच्या फौजेत अवध-बिहारकडच्या उच्च जातींच्या शिपायांना पसंती असे आणि त्यांचं सोवळं-ओवळं अधिकारी सांभाळून घेत. डमडमचा तो लोटा या सांभाळून घेण्यातला होता. मुंबईच्या फौजेचा रिवाज निराळा. तिथे मराठे, मुसलमान, बेने इस्रायली यांच्याबरोबर महारही एकाच रांगेत उभे असत. इंग्रजी दप्तरात महारांचा उल्लेख ‘परवारी’ असा येतो. 1 जानेवारी 1818ला भीमा कोरेगावला लढलेल्या पलटणीत ते होते, आणि तिथल्या स्तंभावर कोरलेली, ‘नाक’ प्रत्ययाने संपणारी बावीस नावं अजून वाचता येतात. परवारी शिपाई पुढे नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार होई आणि त्याच्या हाताखाली इतर जातींचे शिपाई सलाम ठोकत. गावात ज्याची सावली चालत नसे त्याचा हुकूम पलटणीत चाले. हा इंग्रजांच्या मनाचा मोठेपणा होता असं मला वाटत नाही. त्यांना कोकणात स्वस्त, काटक आणि आज्ञाधारक शिपाई हवा होता, तो मिळाला. पण हेतू काहीही असो, दार उघडं होतं. त्या दारातून कोकणातली किती घरं आत गेली हे मंडणगड, दापोली, महाड या पट्ट्यातली जुनी पेन्शनर घराणी सांगतील.

सकपाळांचं घर त्यांपैकीच. रामजींचे वडील मालोजी फौजेत होते. बायको भीमाबाई मुरबाडकरांकडची, तिचं माहेरही सुभेदारांचं. घरात जेवणाच्या पानावर पलटणीच्या गोष्टी, अंगणात पलटणीची शिस्त. अशा घरातला मुलगा फौजेत जाणार हे ठरलेलंच होतं. नवल आहे ते पुढे.

रणांगणावरच्या पराक्रमाच्या ओढीने हे पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाची इथे थोडी निराशा होईल. रामजींच्या नावावर सांगण्याजोगं जे आहे ते फळ्यासमोरचं आहे. मुंबईच्या फौजेत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. शिपायांच्या मुलामुलींना तिथे शिकणं सक्तीचं होतं, आणि मुलींना त्यातून सूट नव्हती. रामजींचे पुत्र बाबासाहेब आंबेडकर यांनी या गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला आहे. आपल्या घरातली सगळी माणसं, बायकासुद्धा, लिहिता-वाचता येणारी होती ती या शाळांमुळे. विचार करा, एकोणिसाव्या शतकातलं महार कुटुंब, आणि चूल फुंकणाऱ्या बाईला पोथी वाचता येते! गावच्या पंतोजीने ज्याला ओसरीवरही चढू दिलं नसतं, त्याच्या बायकोला छावणीच्या शाळेने अक्षर दिलं होतं.

या शाळांना मास्तर लागत. पुण्यात असे मास्तर तयार करणारी लष्करी नॉर्मल स्कूल होती. लोक तिला ‘पंतोजी शाळा’ म्हणत. रामजींनी तिथला अभ्यास पुरा करून पदविका घेतली. ते लष्करी शाळेत शिक्षक झाले, मग मुख्याध्यापक. चौदा वर्षं त्यांनी मुख्याध्यापकी केली आणि सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत पोचले. हुद्दा लष्कराचा, काम मास्तराचं. महाराष्ट्र त्यांना ‘सुभेदार रामजी’ म्हणूनच ओळखतो. या पुस्तकात मी त्यांना अनेकदा ‘रामजी मास्तर’ म्हटलं आहे. काही वाचकांना ते खटकेल. सुभेदारापुढे मास्तर हा शब्द लहान वाटतो, कारण आपणच तो लहान करून ठेवला आहे.

चौदा वर्षं म्हणजे किती? दरवर्षी नवी मुलं येतात असं धरलं, तर पलटणीची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखालून गेली असेल. सकाळी कवायत, दुपारी धुळपाटी. मोठे शिपाईही शिकायला बसत. ज्याला वाचता येई त्याला बढतीची आशा. छावणीतलं मराठी गाव परमुलखात असे. घरून आलेलं पत्र वाचून दाखवायला, उत्तर लिहून द्यायला माणूस लागे. छावणीच्या मास्तराला हे सगळं करावं लागत असणार, हे कोणताही जुना पोस्टमन सांगेल. रामजींची मराठी पक्की होती, इंग्रजी कामापुरती नव्हे तर शिकवण्याइतकी होती. ते कबीरपंथी होते. मांसाहार नाही, दारू नाही, संध्याकाळी घरात भजन-प्रार्थना. बराकीत राहून हे सगळं सांभाळणं सोपं नसतं.

महूला असताना, 14 एप्रिल 1891 रोजी, त्यांना चौदावं अपत्य झालं. भीमराव. भीमरावाला समजूत येईतो वडिलांची नोकरी संपली होती. त्यामुळे ज्या मास्तराविषयी आपण बोलतो आहोत, त्याला वर्गात शिकवताना त्याच्या सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थ्याने पाहिलेलंच नाही. मुलाच्या वाट्याला आले ते पेन्शनीतले मास्तर.

आणि नेमक्या याच सुमारास दार बंद झालं. 1857नंतर फौजेची फेररचना करताना कोणावर भरवसा ठेवायचा हा इंग्रजांपुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, 1885 ते 1893च्या काळात, पक्कं झालं: पंजाबी, गुरखे, पठाण या जाती ‘लढवय्या’, बाकीच्या नव्हेत. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबली. तीन पिढ्या ज्यांनी पलटणीत काढल्या त्यांना, तुम्ही लढाऊ जात नाही, असं सांगण्यात आलं. डमडमच्या शिपायाने खलाशाला लोटा नाकारला होता. त्या बंडाच्या धसक्याने बदललेल्या सरकारने चाळीस वर्षांच्या आत खलाशाच्याच पायरीवर ठेवलेल्या माणसांना बंदूक नाकारली. या दोन गोष्टींमध्ये सरळ कार्यकारणाची साखळी ओढणं घाईचं होईल; मधे बरंच काही घडलं आहे. पण नकाराचा निकष तोच होता, आणि नुकसानही त्याच माणसांचं झालं.

नोकरी गेली एवढंच नव्हे. भरती गेली की छावणीतली घरं गेली, आणि घरांबरोबर शाळा. कोकणात परतलेल्या पेन्शनरांना हे सर्वांत आधी कळलं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला आले होते. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असं शास्त्री-पंडितांनाच विचारलं. शिपायाने लेखणी उचलल्याचं हे पहिलं ठळक उदाहरण. भरतीबंदीविरुद्ध अर्ज-विनंत्या सुरू झाल्या. त्यात रामजीही होते आणि त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असं चरित्रकार धनंजय कीर लिहितात. अर्जांचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 साली ‘111 महार’ ही पलटण उभारली, आणि गरज सरताच 1921 साली मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला 1941 साल उजाडावं लागलं.

अर्ज निष्फळ ठरले, तरी ते लिहिणारे कोण होते? छावणीच्या शाळांतून शिकलेले. त्यांना मसुदा म्हणजे काय, सरकारशी कोणत्या भाषेत बोलायचं, तारीख कुठे घालायची, सही कशी करायची हे येत होतं. दलित चळवळीचा इतिहास लिहिताना आपण सभा आणि सत्याग्रहांपासून आरंभ करतो. मी या पुस्तकात तो लष्करी शाळेच्या हजेरीपटापासून करायचा प्रयत्न केला आहे.

रामजी आधी कॅम्प दापोलीला आले, तिथे भीमा शाळेत जाऊ लागला. मग सातारा. 1896 साली भीमाबाई वारल्या. मागे मुलं आणि रामजींची बहीण मीराबाई. पाठीत बाक असलेली ही आत्या त्या घराचा कणा होती. तिच्याविषयी मला हवी होती तितकी पानं लिहिता आली नाहीत याची खंत आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव 1914 या क्रमांकावर नोंदलं गेलं. वडील चौदा वर्षं मुख्याध्यापक होते, आणि मुलाला वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. नळ त्याने उघडायचा नाही. शिपाई उघडून देईल तेव्हा पाणी, शिपाई नसेल तर नाही.

1901च्या उन्हाळ्यातली गोष्ट बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत सांगितली आहे. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला तलावाच्या कामावर खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तो तलाव काढला होता. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावं म्हणून त्यांनी पत्र धाडलं. भीमा, त्याचा मोठा भाऊ आणि दोन भाचे नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. आम्ही महार आहोत, असं मुलांनी भोळेपणाने सांगितलं आणि स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि बैल मुलांनी हाकायचे, गाडीवान पायी चालणार, असा सौदा ठरला. बरोबर पोटभर जेवण होतं, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्याच्या माणसाला ‘आम्ही मुसलमान’ असं सांगूनही पाणी मिळालं नाही. तसेच उपाशी झोपले. रामजी न्यायला का आले नव्हते? आपण येतो हे मुलांनी पत्राने कळवलं होतं, पण ते रामजींच्या नोकराकडे आलं आणि तो ते मालकाला द्यायला विसरला. ज्या मास्तराने पलटणीतल्या पोरांना पत्र वाचायला शिकवलं, त्याच्याच मुलांचं पत्र न वाचलेलं पडून राहिलं.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला डमडमचा लोटा आठवला. या प्रस्तावनेचं मूळ तिथे आहे. दुष्काळात तलाव बांधणाऱ्या माणसाच्या मुलांना पाणी मिळत नाही, हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने काट मारली असती, फार ठरवून केल्यासारखं वाटतं म्हणून.

रामजींच्या मास्तरकीचा खरा कस लागला तो पेन्शनीनंतर, घरच्या वर्गात. भीमा सुरुवातीला काही फार अभ्यासू नव्हता. वडिलांनी दुसरं लग्न केलं, सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने दिसले, हे त्याला सोसलं नाही. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचं ठरवून त्याने आत्याचा बटवा चार रात्री जपून शोधला. हाती लागला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने त्याला लाज वाटली आणि तो पुस्तकाकडे वळला. रामजींना आदर्श पिता म्हणून रंगवणाऱ्यांनी हा प्रसंग टाळू नये. मुलगा त्यांच्यावर रागावला होता, आणि तरी त्यांच्याकडून शिकला.

1904 साली कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सगळ्यांचं झोपणं, त्यातच अभ्यास. उशाला जातं, पायथ्याशी बकरी, असं त्या खोलीचं वर्णन कीरांनी केलं आहे. रामजी स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि आपण आडवे होत. ती पलटणीतल्या पहाऱ्याची पद्धत आहे: एकाची पाळी संपली की दुसऱ्याने उभं राहायचं. शिकवणं मात्र बराकीतलं नव्हतं. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांवर त्यांनी मुलाकडून इतकी मेहनत करवून घेतली की नेमका शब्द शोधायची सवय त्याच्या हाडात गेली. पुढे संविधान सभेत एका स्वल्पविरामासाठी वाद घालणाऱ्या माणसाचं इंग्रजी डबक चाळीत घडलं आहे. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसत. मग रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आलं की सोडवून परत करत. पेन्शन महिना पन्नास रुपये.

अजून एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मुलगा विचारी, ज्या ग्रंथांनी आपल्याला हीन ठरवलं ते आपण का वाचायचे? रामजींचं उत्तर असं की द्रोण, कर्ण ही लहान घरची माणसं बघ कुठवर चढली. वाल्मीकी तर कोळी होता. न्यूनगंड जावा म्हणून हे वाचायचं. मुलाला उत्तर पटलं नाही, आणि पटलं नाही हे त्याने सांगितलंही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांपैकी कोणीच त्याला आवडत नव्हता. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’साठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा संवाद आठवणीने नोंदवला आहे. वडिलांचं उत्तर चुकलं की बरोबर, यावर मला इथे निकाल द्यायचा नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला सुभेदाराने गप्प बसवलं नाही, एवढं मला पुरतं. चौदा वर्षं मुख्याध्यापकी केलेल्या कितीजणांबद्दल हे सांगता येईल?

मुलाच्या परीक्षेतल्या यशाबद्दल समाजाने सत्कार करायचं ठरवलं, तेव्हाही रामजींची नाराजीच होती. एक परीक्षा पास झाला म्हणून पोराच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांना वाटे. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांचं मन वळवलं, आणि त्या सभेत आपलं बुद्धचरित्र भीमरावाला भेट दिलं. केळुसकरांचं ते पुस्तक पुढे किती दूर पोचलं हे सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी व्यासपीठावर एक मास्तर होता, आणि श्रोत्यांत दुसरा, जो हा समारंभच नको म्हणत होता.

1913च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. रामजींच्या मनात ते नव्हतं. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार गेली. परतताना वडिलांना आवडते म्हणून मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. एक दिवस उशीर झाला. तरी भेट झाली. 2 फेब्रुवारीला रामजी गेले. त्याच वर्षी जुलैत मुलगा न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. त्या बातमीचं पत्र वाचायला घरी मास्तर नव्हते.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. यात बाबासाहेबांचं चरित्र नाही, ते चां. भ. खैरमोडे आणि कीरांनी लिहून ठेवलं आहे आणि माझं बरंचसं ऋण त्यांच्याकडे आहे. यात फौजेचं गौरवगानही नाही. ज्या फौजेने शाळा दिली तिनेच ती काढून घेतली. आणि यात ‘थोर पुत्राचा थोर पिता’ ही ओळही मी जाणूनबुजून टाळली आहे. रामजी सकपाळ हे पेशाने शिक्षक होते, त्यांना शिक्षकाच्या मापाने मोजावं एवढीच माझी मागणी. त्यांचे छावणीतले विद्यार्थी, म्हणजे ज्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत ती मुलं आणि मुली, त्या मापात धरावीत. वाचकांपैकी कोणाच्या घरी पणजोबांच्या पेन्शनबुकाबरोबर लष्करी शाळेचं एखादं जुनं पुस्तक, दाखला, पाटीवरची सही असं काही असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. मला दाखवा, किंवा जवळच्या ग्रंथालयात तरी द्या.

1923 साली लंडनमध्ये डॉ. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध छापून निघाला. अर्पणपत्रिका आई आणि वडिलांच्या स्मृतीला आहे. ऋण कशाचं, तेही तिथे नोंदवलं आहे: शिक्षणाचं.